आतडं कामातून गेलं तर? घरच्या घरी शिरेतून पोषण आणि त्यामागचं संशोधन

खान्देशात अंगात अशक्तपणा आला की उपाय ठरलेला असतो: दवाखान्यात जाऊन एक सलाईन लावून घ्यायची. चोपड्यापासून नवापूरपर्यंत सलाईन म्हणजे ताकद ही समजूत पक्की आहे. एकदा हिशोब करून बघा. नुसत्या मिठाच्या सलाईनमध्ये एकही कॅलरी नसते. ‘ग्लुकोजची बाटली’ म्हणतात ती बहुतेक वेळा ५ टक्क्यांची, अर्ध्या लिटरची. तिच्यात २५ ग्रॅम ग्लुकोज, म्हणजे साधारण ८५ कॅलरी. रावेर-यावलकडचं एक मध्यम केळं याहून जास्त देतं. माणसाला दिवसाला १७०० कॅलरी लागतात असं धरलं, तर अशा २० बाटल्या लावाव्या लागतील. १० लिटर पाणी शिरेत जाईल, आणि तरीही प्रथिनं शून्य, स्निग्ध पदार्थ शून्य.

ज्याला तोंडाने खाता येतं आणि खाल्लेलं अंगी लागतं, त्याने केळं खावं. पण ज्याचं आतडंच अन्न शोषून घेत नाही, त्याला केळी-दूध, भाकरी-भरीत काहीही दिलं तरी ते तसंच बाहेर पडतं. वजन उतरत जातं, घरच्यांना वाटतं माणूस खातोय मग लागत का नाही. अशा माणसांसाठी शिरेतून पूर्ण जेवण देण्याची पद्धत आहे. रुग्णालयात तिला टीपीएन म्हणतात. रुग्णाला आणि घरच्यांना शिकवून तेच घरी दिलं जातं तेव्हा ते घरच्या घरी शिरेतून पोषण. जगभरात हजारो माणसं त्यावर वर्षानुवर्षं जगत आहेत, त्यातले कित्येक नोकरी-धंदाही करतात. आपल्याकडे याबद्दल फार कमी लिहिलं गेलंय. म्हणून हा लेख.

आधी आतड्याचं काम समजून घेऊ. मोठ्या माणसाचं लहान आतडं साधारण ६ मीटर लांब असतं. कुणाचं ३, कुणाचं ८, एवढा फरक असू शकतो. आपण दिवसाला दोनेक लिटर पितो, त्यात लाळ, जठररस, पित्त, स्वादुपिंडाचा रस असे आणखी सहा-सात लिटर शरीर स्वतः ओततं. हे सगळं आतडं पुन्हा आत ओढून घेतं, शौचातून जेमतेम १००-२०० मिली पाणी जातं. हे ओढून घेणंच थांबलं तर काय होईल, याचा अंदाज येतो.

युरोपातल्या क्लिनिकल पोषण संस्थेने, ईस्पेनने, २०१५ साली याची व्याख्या नक्की केली. आतड्याचं काम इतकं घटलं की अन्नातले मुख्य घटक किंवा पाणी-क्षार पुरेसे शोषले जात नाहीत आणि तब्येत टिकवायला शिरेतूनच द्यावं लागतं, ते आतड्याचं निकामी होणं. त्याचे तीन प्रकार. ऑपरेशननंतर काही दिवस आतडं गप्प बसतं तो पहिला. आठवडे-महिने चालणारा गुंतागुंतीचा आजार तो दुसरा. आणि तब्येत इतर बाबतीत स्थिरावली, पण आतडं महिनोन् महिने किंवा कायमचं कमी पडतंय तो तिसरा. हा लेख या तिसऱ्याबद्दल आहे.

होतं कशाने? सगळ्यात मोठं कारण म्हणजे आतड्याचा बराचसा भाग कापून काढावा लागणं. आतड्याच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकते, काही तासांत आतडं काळं पडतं आणि सर्जनला ते काढण्याशिवाय पर्याय राहत नाही. आतड्याला पीळ पडतो. क्रोन्ससारख्या, आतड्याला वारंवार सूज आणणाऱ्या आजारात पुन्हा पुन्हा ऑपरेशनं होतात. कॅन्सरच्या किरणोपचाराने आतडं भाजून निघतं. पोटाच्या ऑपरेशननंतर फिस्टुला होतो, म्हणजे आतड्यातलं पाणी भलत्याच वाटेने बाहेर येत राहतं. कधी आतडं लांबीला पूर्ण असतं, पण त्याची हालचालच होत नाही. लहान बाळांत जन्मतःच आतडं अपुरं असणं, पोटाची भिंत उघडी राहणं, कमी दिवसांच्या बाळाचं आतडं सडणं ही कारणं दिसतात.

कापल्यानंतर २०० सेंमीपेक्षा कमी लहान आतडं उरलं तर त्याला आखूड आतडं म्हणतात. पण नुसत्या लांबीवर सगळं ठरत नाही, मागे काय उरलंय त्याला फार महत्त्व आहे. मोठं आतडं शाबूत असेल तर ते न पचलेल्या पिष्टमय पदार्थांतून जंतूंच्या मदतीने ऊर्जा काढून घेतं. डॅनिश संशोधकांनी मोजलं तेव्हा ती दिवसाला १००० कॅलरींपर्यंत भरली. फ्रान्समध्ये आखूड आतड्याच्या १२४ प्रौढांचा अभ्यास १९९९ साली प्रसिद्ध झाला. त्यातून जे उंबरठे निघाले ते आजही वापरतात: लहान आतड्याचं टोक थेट पोटावर काढलेलं असेल तर १०० सेंमीच्या खाली कायमचं शिरेतलं पोषण लागण्याची शक्यता मोठी. मोठं आतडं जोडलेलं असेल तर हा उंबरठा ६० सेंमीच्या आसपास येतो. लहान आतड्याचा शेवटचा भाग आणि मोठं आतडं दोन्ही असतील तर ३० सेंमीच्या आसपास. त्याच अभ्यासात दोन वर्षांनी सुमारे निम्मी माणसं शिरेतल्या पोषणातून सुटली होती. उरलेलं आतडं पहिली एक-दोन वर्षं हळूहळू जुळवून घेतं, रुंदावतं, जास्त शोषायला लागतं. म्हणून पहिल्या महिन्यात कुणी ‘आता हे कायमचंच’ म्हणालं तर ते घाईचं बोलणं आहे.

आता पाण्याबद्दल जरा सविस्तर, कारण आपल्या भागात ते जिवावर बेतू शकतं. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या घरात जातो. ज्याचं लहान आतडं अर्ध्यातून पोटावर बाहेर काढलंय, अशा माणसाच्या स्टोमाच्या, म्हणजे पोटावरच्या त्या तोंडाला लावलेल्या पिशवीतून दिवसाला दोन-तीन लिटर पाणी जाऊ शकतं. वर घाम. तहान प्रचंड लागते, आणि घरचे माठातलं गार पाणी तांब्यावर तांब्या देतात. त्याने तहान भागत नाही, पिशवी मात्र आणखी भरते. असं का होतं? लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाची भिंत विरळ असते. त्यात साधं, बिनमिठाचं पाणी आलं की रक्तातलं सोडियम आतड्यात उतरतं आणि सोडियमच्या मागे पाणी येतं. पाणी पिऊन माणूस सुकतो. लिंबूपाणी, चहा, उसाचा रस यांचंही तेच, कारण त्यांत मीठ पुरेसं नसतं.

उपाय आपल्याला माहीत असलेलाच आहे. साखर आणि मीठ एकत्र आले की आतड्याची भिंत दोन्ही जोडीने आत घेते, आणि पाणी त्यांच्या मागे आत येतं. १९७१ साली बांगलादेश युद्धातल्या निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी कॉलऱ्याच्या रुग्णांना हेच मिश्रण पाजून मृत्यू झपाट्याने खाली आणले होते. आखूड आतड्याच्या माणसाला मात्र नेहमीच्या जलसंजीवनीपेक्षा जरा जास्त खारट द्रव लागतो, लिटरमागे ९० मिलीमोल सोडियमचा. जागतिक आरोग्य संघटनेचं पाकीट २००२ पासून ७५ चं आहे. लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयाची कृती जगभर वापरतात: एक लिटर पाण्यात २० ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ, अडीच ग्रॅम खायचा सोडा. प्रमाण आणि रोजची मात्रा आपल्या डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावी, विशेषतः मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा त्रास असेल तर. पण साधं पाणी मोजून आणि हे पाणी घोट घोट दिवसभर, हे सूत्र घरातल्या प्रत्येकाला माहीत पाहिजे. आग्रह करकरून माठातलं पाणी पाजणाऱ्या आजीलासुद्धा.

हे सगळं करूनही पुरत नाही तेव्हा शिरेतलं पोषण लागतं.

हाताच्या शिरेतून पूर्ण जेवण का देता येत नाही? कारण एवढं अन्न दोन-तीन लिटरात बसवायचं तर द्रव दाट होतो, आणि दाट द्रवाने हाताची बारीक शीर सुजते, बंद पडते. म्हणून एक मऊ नळी छातीवरून कातड्याखालून नेऊन हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत सोडतात. तिथे रक्ताचा ओघ इतका असतो की द्रव लगेच पातळ होतो. आपल्या शेतकऱ्याला हे चटकन समजेल, कारण जळगाव ठिबकचं माहेरघर. ठिबकातून विद्राव्य खत सोडताना आपण ते थेट मुळाशी देतो, मोजून, सावकाश, आणि फिल्टर साफ ठेवतो, नाहीतर कचरा थेट ड्रीपरपर्यंत जातो. शिरेतल्या पोषणात हा फिल्टरच जवळपास नाही. तोंडाने खाल्लेल्या अन्नातले जंतू जठरातलं आम्ल मारतं, आतड्याची भिंत अडवते. शिरेत गेलेला जंतू थेट रक्तात असतो. या पद्धतीतला सगळ्यात मोठा धोका इथे आहे, पुढे त्याच्याकडे येतोच.

हे शक्य आहे हे दाखवलं ते अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या डॉ. स्टॅनली डड्रिक यांनी. १९६० च्या दशकात त्यांनी बीगल जातीची पिल्लं फक्त शिरेतून पोसून दाखवली. ती तोंडाने खाणाऱ्या आपल्या भावंडांच्या बरोबरीने वाढली. नंतर जन्मतः आतडं जवळपास नसलेल्या एका बाळाला असंच पोसलं गेलं. स्वीडनमध्ये आर्विड व्रेटलिंड यांनी सोयाबीनचं तेल अंड्यातल्या फॉस्फोलिपिडच्या साहाय्याने दुधासारखं करून शिरेतून देण्याजोगं बनवलं. घरी न्यायची वाट सिएटलच्या डॉ. बेल्डिंग स्क्रिबनर यांच्या गटाने रुंद केली. घरी करायच्या डायलिसिसचा त्यांचा अनुभव दांडगा होता. त्यांच्याच गटातून १९७३ साली ब्रोव्हिॲक नळी आली. नळीला कातड्याखाली एक कापडी पट्टा असतो, ऊती त्यात वाढून नळी पक्की बसते आणि जंतूंची वाट अडते. कॅनडात टोरांटोला हे काम उभं केलं ते डॉ. खुर्शीद जीजीभॉय यांनी, शिक्षण आपल्या वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचं. त्यांनी घरी पाठवलेली एक स्त्री त्यानंतर दोन दशकं जगली.

शास्त्राला या पहिल्या रुग्णांनीच खूप काही शिकवलं. १९७७ साली जीजीभॉय यांच्या गटाने एका स्त्रीची नोंद प्रसिद्ध केली. काही वर्षं शिरेतल्या पोषणावर असताना तिचं वजन घटायला लागलं, रक्तातली साखर बिघडली, हातापायांच्या नसांना त्रास झाला. शिरेतून दिल्या जाणाऱ्या पोषणाच्या पिशवीत क्रोमियम नव्हतं. ते घातल्यावर सुधारणा झाली. आपण जेवतो तेव्हा असे किती सूक्ष्म घटक नकळत पोटात जातात, हे अशा माणसांमुळे कळलं. आज पिशवीत ग्लुकोज, अमिनो आम्लं, स्निग्धांश, सोडियम-पोटॅशियम-मॅग्नेशियम-कॅल्शियम-फॉस्फेट, सगळी जीवनसत्त्वं, जस्त, तांबं, सेलेनियम, मँगनीज असं सगळं असतं. तयार मिळणाऱ्या तीन कप्प्यांच्या पिशव्यांत जीवनसत्त्वं आणि सूक्ष्म घटक नसतात, ते वेगळे घालावे लागतात. हे विसरलं जातं, म्हणून घरच्यांनी विचारून खात्री करावी.

पिशवी साधारण १० ते १४ तासांत, बहुधा रात्री, पंपावर चढते. सकाळी नळी बंद करून माणूस मोकळा. कुणाला आठवड्याच्या सातही रात्री लागतं, कुणाला तीन. आणि एक गोष्ट ठासून सांगतो: बहुतेकांना तोंडाने खाणं मना नसतं. मोठं आतडं जोडलेलं असेल तर भरपूर खाणं हा उपचाराचाच भाग असतो, पोळी-भाकरी-भातासारखं पिष्टमय जास्त आणि तेल-तूप कमी. तर्रीवाली शेवभाजी अशा माणसाला जड जाते. पालक, शेंगदाणे, तीळ, चहा यांतल्या ऑक्झॅलेटमुळे मुतखडे होऊ शकतात, तेही बघावं लागतं. आमच्याकडे भेटल्या भेटल्या ‘जेवन जयं का?’ विचारतात, कानबाईच्या रोटाला सगळे भाऊबंद एकत्र बसतात. तिथे त्या माणसाला वेगळं बसवू नका. त्याच्या ताटात घास असू द्या, डॉक्टरांनी खास काही सांगितलं नसेल तर.

संशोधन काय सांगतं? सुरुवातीलाच एक अडचण आहे. नव्या औषधाची चाचणी करताना निम्म्यांना औषध आणि निम्म्यांना खोटं औषध देतात. शिरेतल्या पोषणाबाबत असं कधीच करता येणार नाही, कारण पोषण न मिळालेला गट उपाशी मरेल. म्हणून ही पद्धत माणसं जगवते याचा पुरावा वर्षानुवर्षं पाठपुरावा केलेल्या रुग्णांच्या नोंदींतून येतो. वर सांगितलेल्या फ्रेंच अभ्यासात दोन वर्षांनी ८६ टक्के आणि पाच वर्षांनी ७५ टक्के रुग्ण हयात होते. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या युरोपातल्या मोठ्या पाठपुराव्यात, ज्यांना आतड्याच्या प्रत्यारोपणाची गरज नव्हती अशा घरच्या पोषणावरच्या रुग्णांपैकी ८७ टक्के पाच वर्षांनी हयात होते. त्याच पाठपुराव्यात ज्यांचं प्रत्यारोपण झालं त्यांच्यात हा आकडा ५४ टक्के होता. दोन्ही गटांतले रुग्ण सारखे आजारी नव्हते, त्यामुळे आकडे समोरासमोर ठेवून कुठला उपचार श्रेष्ठ असं म्हणता येत नाही. पण एवढं नक्की, की घरचं पोषण नीट चालत असेल तर ते पहिलं आणि प्रत्यारोपण ते चालेनासं झालं तरच, हा आजचा वैद्यकीय कौल यातून आला. भारतात आतड्याची प्रत्यारोपणं झाली आहेत, पण तो मोठा आणि जोखमीचा निर्णय असतो.

जिथे नीट चाचण्या करता आल्या असा विषय म्हणजे नळीचा संसर्ग. घरच्या पोषणावरच्या प्रौढांवरील अभ्यास एकत्र पाहिले तर नळीच्या दर १००० दिवसांमागे ०.३८ ते ४.५८ वेळा रक्तात संसर्ग झालेला दिसतो. हा फरक बारा पटींचा आहे, आणि मला या सगळ्या विषयातला हाच आकडा सर्वात महत्त्वाचा वाटतो. पिशवी तीच, नळी जवळपास तीच. फरक आहे तो रुग्ण कोण, शिकवलं कसं आणि नळी जोडणारे हात किती शिस्तीचे यांत. रुग्णाची निवड बदलता येत नाही, हात बदलता येतात. चांगल्या केंद्रांत रुग्णाला किंवा घरच्या एखाद्या माणसाला दोन-तीन आठवडे बसवून शिकवतात: हात किती वेळ धुवायचे, टोपण काढल्यावर कशाला स्पर्श करायचा नाही, जोडाचं तोंड किती सेकंद घासायचं, ते कोरडं होईपर्यंत थांबायचं. परीक्षा घेतात, मगच घरी सोडतात. हे शिकायला डॉक्टर असावं लागत नाही, पदवीही लागत नाही.

या शिस्तीला जोड म्हणून एक औषध तपासलं गेलं, टॉरोलिडीन. पोषण संपल्यावर नळी रिकामी ठेवायची नाही, तिच्यात हा जंतुनाशक द्रव भरून ठेवायचा. नेदरलँड्समध्ये आधी एकदा संसर्ग झालेल्या ३० रुग्णांवर टॉरोलिडीन आणि हेपारिन (रक्त गोठू न देणारं औषध) यांची तुलना झाली, २०१० साली प्रसिद्ध झाली. हेपारिनच्या गटात १४ पैकी १० जणांना पुन्हा संसर्ग झाला, टॉरोलिडीनच्या गटात १६ पैकी एकाला. फरक इतका ठळक होता की चाचणी ठरल्यापेक्षा आधीच थांबवली. पुढे २०१८ साली पाच देशांतल्या सुमारे १०० रुग्णांवर टॉरोलिडीन विरुद्ध साधं सलाईन अशी दुहेरी अंधारातली चाचणी प्रसिद्ध झाली, म्हणजे कुणाला काय मिळतंय हे रुग्णालाही माहीत नाही आणि डॉक्टरलाही नाही. नवी नळी बसवलेल्यांत दर १००० दिवसांमागे संसर्ग ०.२९ विरुद्ध १.४९. आधीपासून नळी असलेल्या गटातही कल तोच होता, पण तिथला फरक योगायोग नाही असं ठामपणे म्हणण्याइतका आकडा भक्कम नव्हता. मात्र सलाईनच्या गटातलं १.४९ सुद्धा बघा. औषध नसतानाही, चांगलं शिकवलेल्या रुग्णाला सरासरी दोन वर्षांच्या जवळपास एकही संसर्ग नाही.

दुसरा मोठा विषय म्हणजे आतडंच सुधारायचं औषध. आपल्या आतड्यात जीएलपी-२ नावाचं संप्रेरक तयार होतं, ते आतड्याचं अस्तर वाढवतं. त्याचीच जास्त वेळ टिकणारी प्रतिकृती म्हणजे टेडुग्लुटाइड, रोज कातड्याखाली घ्यायचं इंजेक्शन. ८६ रुग्णांवर, २४ आठवड्यांची चाचणी २०१२ साली प्रसिद्ध झाली आणि त्याच वर्षी अमेरिकेत व युरोपात परवानगी मिळाली. यश कशाला म्हणायचं हे आधीच ठरवलं होतं: शिरेतून द्यावा लागणारा द्रव निदान २० टक्क्यांनी कमी होणं, तेही विसाव्या आणि चोविसाव्या आठवड्यात टिकून. औषधाच्या गटात ६३ टक्के यशस्वी, खोट्या औषधाच्या गटात ३० टक्के. आठवड्याला सरासरी १३ लिटरच्या आसपास द्रव लागत होता, तो औषधाने ४.४ लिटरने घटला, खोट्या औषधाने २.३ लिटरने.

इथे वाचणारा अडखळतो. नुसत्या पाण्याच्या इंजेक्शनने ३० टक्के लोक कसे सुधारले? उत्तर चाचणीच्या पद्धतीत सापडतं. रुग्णांची ४८ तासांची लघवी ठराविक काळाने मोजली जात होती. ती वाढली की शिरेतला द्रव कमी करायचा असा नियम होता. तोंडाने पिणं वाढलं तरी लघवी वाढते. म्हणजे बारकाईने मोजलं, तर कित्येकांचा द्रव औषधाविनाही कमी करता येतो. औषधाचा खरा वाटा म्हणजे ६३ आणि ३० यांच्यातला फरक. पण ते ३० सुद्धा फुकट जाऊ देण्यासारखे नाहीत. टेडुग्लुटाइड अतिशय महाग आहे आणि अस्तर वाढवणारं असल्यामुळे कॅन्सरच्या रुग्णाला चालत नाही, सुरू करण्याआधी मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी करावी लागते. लघवी मोजायला मात्र एक मापाचं भांडं आणि एक वही पुरते. धडगावच्या पाड्यावरही ते जमेल.

आणि २० टक्के म्हणजे माणसाला काय? त्याच चाचणीत औषधाच्या गटातल्या ५४ टक्के लोकांना आठवड्याची निदान एक रात्र नळीशिवाय मिळाली, दुसऱ्या गटात २३ टक्क्यांना. शिरेतून दोन-तीन लिटर जात असताना माणूस रात्री चार-चार वेळा लघवीला उठतो, पंपाच्या आवाजाने जागा होतो. आठवड्यात एक अख्खी झोप, लग्नाला परगावी एक मुक्काम, हे त्या आकड्याचं मोल आहे. लिटरच नव्हे, अशा रात्रीही मोजायला संशोधकांनी सुरुवात केली हे मला फार योग्य वाटतं.

यकृताचं थोडक्यात. शिरेतल्या पोषणावर यकृत बिघडू शकतं, बाळांत जास्त. सोयाबीन तेलाचा स्निग्धांश दिवसाला वजनाच्या किलोमागे १ ग्रॅमपेक्षा जास्त दिला तर धोका वाढतो असं फ्रेंच संशोधकांनी २००० साली दाखवलं, तेव्हापासून प्रौढांत ही मर्यादा पाळतात. बाळांसाठी माशाच्या तेलाचा स्निग्धांश अमेरिकेत २०१८ साली मंजूर झाला. हाडं ठिसूळ होतात, त्यासाठी ड जीवनसत्त्व आणि वेळोवेळी तपासणी.

आता आपल्या गावी हे आणायचं तर काय काय आडवं येतं? उष्णता. फार्मसीत मिसळून आलेली पिशवी २ ते ८ अंशांत ठेवावी लागते, तयार कप्प्यांची पिशवी साधारण २५ अंशांच्या आत. उन्हाळ्यात आपल्या पत्र्याच्या घरात हे शक्य नाही. वेगळा छोटा फ्रीज, आणि वीज गेली तर पुढचे तास कसे काढायचे याची आधीच ठरवलेली तजवीज लागते. अंतर. मुंबई-पुणे ४०० किलोमीटरच्या आसपास, नंदुरबारच्या डोंगराळ भागातून तर जिल्ह्याचं ठिकाण गाठायलाच तास जातात. आणि खर्च, जो एकदाचा नसून रोजचा आहे. यातल्या अंतरावर तोडगा आहे असं मला मनापासून वाटतं. जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. प्रत्येक ठिकाणी नळीची काळजी शिकवू शकणाऱ्या एक-दोन परिचारिका तयार झाल्या आणि मोठ्या शहरातल्या तज्ज्ञाशी फोनवर जोडलेल्या राहिल्या, तर वरच्या बारा पटींतला बराच फरक इथेच मिटेल.

तापाची गोष्ट मात्र फोनवर ठेवण्यासारखी नाही. नळी जोडल्यावर तासाभरात हुडहुडी भरली, ताप आला, तर तो नळीचा संसर्ग समजूनच चालायचं. पोषण थांबवायचं, नळी बंद करायची आणि जिथे रक्ताचं कल्चर, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून ओळखायची तपासणी, होतं अशा रुग्णालयात लगेच जायचं. नळीतून आणि हातातून असे दोन्ही नमुने घ्यायला सांगायचं. गल्लीतल्या दवाखान्यात तापाची गोळी घेऊन सकाळची वाट बघत बसायचं नाही. आणि संसर्गाच्या तपासणीचा हा नमुना सोडला तर, ‘शीर सापडत नाही, ही नळी आहेच की’ म्हणून कुणी त्या नळीतून दुसरी सलाईन, इंजेक्शन किंवा रक्त काढणं करू लागलं तर हात जोडून पण ठाम नकार द्यायचा. ती नळी जेवणाची आहे.

नवी औषधं येत आहेत, त्यांच्या चाचण्यांत भाग घ्या असं कुणी विचारलं तर घाबरून नाही म्हणू नका आणि भारावून होही म्हणू नका. भारतातली प्रत्येक औषधचाचणी क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया या सरकारी नोंदवहीत असावी लागते, २००९ पासून हे बंधनकारक आहे, आणि ती इंटरनेटवर कुणालाही फुकट बघता येते. २०१९ च्या नियमांनुसार नीतिमत्ता समितीची मंजुरी, तुम्हाला समजेल अशा भाषेतलं संमतीपत्र, चाचणीमुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाई, हे तुमचे हक्क आहेत. कधीही बाहेर पडता येतं, त्यामुळे नेहमीचा उपचार थांबवता येत नाही. खोट्या औषधाचा गट असेल तर शिरेतलं पोषण दोन्ही गटांना चालूच राहणार ना, हा पहिला प्रश्न विचारा.

ज्यांच्या घरात आतड्याचं मोठं ऑपरेशन झालंय त्यांनी डिस्चार्जच्या कागदावर एक ओळ बघून घ्यावी. बहुतेक कागदांवर किती आतडं काढलं ते लिहिलेलं असतं. आपल्याला हवं असतं ते किती उरलं, कुठला भाग उरला आणि मोठं आतडं जोडलेलं आहे का. ते नसेल तर सर्जनला विचारून, सही घेऊन लिहून घ्या. त्याची एक प्रत फाईलमध्ये आणि एक फोटो घरातल्या दोघांच्या मोबाईलमध्ये ठेवा. पुढचा प्रत्येक डॉक्टर, जळगावचा असो की मुंबईचा, आधी हेच विचारणार आहे.